फौजेतून गावाकडं: दुसऱ्या डावाची तयारी

फौजेतला जवान बहुधा चाळिशीच्या आसपास पेन्शनवर घरी येतो. हात धडधाकट, मुलं शाळेत, म्हणून चांदूर बाजारसारख्या गावात तो दुकान किंवा जोडधंदा उभा करू पाहतो. त्याची तयारी नोकरीतच सुरू करावी. संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीआधी जवानांना व्यवसाय प्रशिक्षण देतं. घरी आल्यावर अमरावतीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावं. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर, सोबत न्यावेत. पीपीओत पत्नीचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे ना, हे आधी पाहा. पुढचं कुटुंब निवृत्तिवेतन त्यावरच ठरतं.

आता दुकानाचं पाहू. आपला भाग संत्र्याचा. आंबिया किंवा मृग बहार विकला गेला की शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो. तोवर ठिबकच्या नळ्या, खत, औषध उधारीवर जातं. त्यामुळे असं शेतीसाहित्याचं दुकान टाकताना पुढच्या बहारापर्यंत पुरेल एवढं खेळतं भांडवल लागतं. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत लहान धंद्याला विनातारण कर्ज मिळतं. पेन्शनचं खातं मात्र धंद्यापासून वेगळं ठेवा.

आणखी एक गोष्ट. तुम्ही सीमेवर असताना घर, शेत, देणंघेणं पत्नीनंच सांभाळलं. गावातली कोणती उधारी वसूल होईल, हे तिला नेमकं ठाऊक असतं. धंद्याच्या हिशेबात तिला पहिल्या दिवसापासून बरोबरीनं बसवा. जय हिंद!