वाचनाची कीर्द आणि खतावणी

(मनमाड येथे वर्षप्रतिपदेनिमित्त झालेल्या वाचक मेळाव्यातील भाषण)



मनमाड म्हटले की प्रवाशाला आठवते ते जंक्शन. काचीगुड्याकडून येणारी मीटरगेज गाडी येथे संपे आणि मुंबईच्या ब्रॉडगेज गाडीसाठी ताटकळावे लागे, त्या काळात या फलाटावर बसून मी पुष्कळ वाचले. काय वाचले, हे मात्र आज सांगता येणार नाही. कारण त्याची नोंदच नाही.

नोंदीचे महत्त्व मनमाडकरांना मी काय सांगावे? वागदर्डी धरण आटू लागले की पंधरा-पंधरा दिवस नळाला पाणी येत नसे. त्या दिवसांत मागच्या पाण्याची तारीख दिनदर्शिकेवर खुणेने नोंदविणारे अनेकजण या सभागृहात असतील. दुर्मीळ वस्तूचा हिशेब माणूस आपोआप ठेवतो. वाचनाला मिळणारा निवांत वेळही तितकाच दुर्मीळ झाला आहे. त्याचा हिशेब मात्र आपण ठेवत नाही.

गेल्या पाडव्याला मी दोनशे पानी वही आणली. आपले जुने व्यापारी दोन वह्या ठेवीत. कीर्दीत रोजचा व्यवहार तारीखवार लिहायचा आणि तोच व्यवहार खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा. मी आधी कीर्दच लिहिली : पुस्तक, लेखक, आरंभाची तिथी, समाप्तीची तिथी, कोठून मिळाले आणि मनात काय उरले याची एक ओळ. फाल्गुनअखेरीस मोजदाद केली, तर ४१ पुस्तके! मन सुखावले. दोन मित्रांना दूरध्वनी करून ही संख्या मी सांगितलीही.

मग खतावणी घातली. समाप्तीचा रकाना कोरा असलेली १३ पुस्तके निघाली. त्यांपैकी सात परीक्षणासाठी आलेली होती. प्रस्तावना आणि मलपृष्ठ एवढ्यावरच मी ती परीक्षणे लिहिली होती आणि ती छापूनही आली होती. पत्रकाराच्या व्यवसायात हे चालते, असे आम्ही एकमेकांना सांगत असतो. पूर्ण वाचलेली २८. त्यांतील कथा-कादंबऱ्या वगळल्या, तर उरलेल्या १९ पुस्तकांच्या लेखकांशी मी पहिले पान उघडण्यापूर्वीच सहमत होतो! आपल्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडायचा आणि मगच सिद्धान्ताकडे वळायचे, अशी रीत आहे. म्हणून 'पूर्वपक्ष' हे एक खाते मी हौसेने उघडले होते. ते वर्षभर कोरेच राहिले.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९४० साली प्रसिद्ध झालेला 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ पुढे 'पाकिस्तान ऑर द पार्टिशन ऑफ इंडिया' या नावाने निघाला. त्यातील उतारे मी माझ्या लेखांतून आणि भाषणांतून कित्येक वर्षे देत आलो. कीर्द चाळताना लक्षात आले की, तो ग्रंथ मी कधी हातात धरलेलाच नाही. माझे सारे उतारे दुसऱ्यांच्या लेखांतून उचललेले होते. गेल्या महिन्यात तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. पाकिस्तानच्या बाजूने मुसलमानांचे म्हणणे आणि विरोधात हिंदूंचे म्हणणे, दोन्ही बाबासाहेबांनी एखाद्या वकिलाप्रमाणे पूर्ण ताकदीने मांडली आहेत. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भूमिकेवर त्यांनी अत्यंत कठोर तर्काने टीका केली आहे. ती पाने आम्ही कधी उद्धृत केली नव्हती. मला ती सारीच पटली, असे नाही. परंतु उत्तर द्यायचे तर आधी ती वाचायला हवी होती, आणि मी ती वाचली नव्हती.

लोकमान्य टिळकांचे उदाहरण या संदर्भात मला फार लाजवते. मंडालेच्या कारावासात लेखनासाठी मिळत त्या पाने मोजून दिलेल्या वह्या आणि शिसपेन्सिल. त्या अवस्थेत १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्या'चे हस्तलिखित सिद्ध झाले. कर्मयोगाची मांडणी करताना मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन यांना टाळून पुढे जाणे त्यांना सहज शक्य होते. कोठडीत कोण विचारणार होते? त्यांनी मात्र पुण्याहून ग्रंथ मागविले, ते वाचले आणि एकेकाचे म्हणणे तपासले.

आज सकाळी गुढी उभारून झाल्यावर मी नवी वही घेतली. या वेळी खतावणीची पाने आधी आखली आहेत. 'पूर्वपक्ष' या खात्याला पहिली वीस पाने दिली आहेत. त्यातील पहिले पुस्तक मनमाडच्याच वाचनालयातून न्यावे, असा विचार आहे. बाहेरगावच्या सभासदाला अनामत रक्कम किती भरावी लागते, ते आपल्यापैकी कोणी जाणकाराने सभा संपल्यावर कृपया सांगावे. पुस्तक परत करण्यासाठी मला पुन्हा मनमाडला यावे लागेलच.