डीजेची दिवसभराची सुपारी: भाव ठरतो कसा?

लग्नसराई आली की प्रत्येक घरात एक प्रश्न असतो, डीजेवाला किती घेतो? कोणी १२ हजार सांगतं, कोणी २५. मग आपण म्हणतो, "नुसती गाणी तर लावायची, एवढे पैसे कशाचे?" मीही असंच म्हणायचे. पण मागच्या उन्हाळ्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत जे झालं, त्यानंतर माझं तोंड बंद झालं.

त्या गटातल्या एका ताईंच्या मुलाचा डीजे आहे. गाडी फायनान्सवर घेतलेली. स्पीकरसाठी ताईंनी गटातून ५०,००० रुपये कर्ज उचललेलं. ऐन सराईत तीन महिने त्यांचा हप्ता आला नाही. बैठकीत एक मावशी सरळ म्हणाल्या, "तुझ्या पोराचा डीजे रोज आमच्या कानाशी वाजतोय, मग आमचा हप्ता कुठं जातोय?" ताई काही बोलल्या नाहीत. बायका उठून गेल्यावर मला म्हणाल्या, "मॅडम, डोरलं मोडते, पण गटात मान खाली घालायला नको."

मी म्हटलं, डोरलं राहू दे, आधी वही काढू. दुसऱ्या दिवशी मी, ताई आणि त्यांचा मुलगा ओसरीवर बसलो.

मुलगा दिवसभराच्या लग्नाचे १५,००० सांगायचा. पाहुण्या-रावळ्यांनी ओढाताण केली की १३,००० वर यायचा. त्याचा हिशोब तोंडी होता. गाडी आणि जनरेटरचं डिझेल ३,०००, चार पोरांची मजुरी २,८००, भाड्यानं आणलेल्या शार्पी लाइटचे २,५००. झाले ८,३००. म्हणजे ४,७०० हातात राहिले. मग हप्ता का निघत नाही?

मी विचारलं, सुपारी कोण आणून देतं? मंडपवाला. त्याचं कमिशन १,०००. ते वहीत नाही. आणि बाबा, तू स्वतः पहाटे पाचला गाडी भरतोस, सकाळी परण्या वाजवतोस, दुपारी लग्न, संध्याकाळी वरात. रात्री साहित्य उतरवून घरी यायला एक वाजतो. तुझी मजुरी कुठं आहे? तो हसला. "माझीच गाडी, माझी कसली मजुरी?" तरी आम्ही १,००० धरले.

तेवढ्यात ताई हळूच म्हणाल्या, "आणि पाच जणांचे डबे? चार वाजता उठून मी करते ते?" आम्ही दोघंही गप्प झालो. डब्यांचे ५०० लिहिले. त्या दिवसाचा खर्च १०,८०० झाला.

अजून हप्ता तर धरलाच नव्हता. फायनान्सचा आणि गटाचा मिळून महिन्याला १८,०००, म्हणजे वर्षाला २,१६,०००. चातुर्मासात लग्नं नसतात, हप्ता मात्र थांबत नाही. लग्नं, वाढदिवस, मिरवणुका सगळं धरून वर्षाला ४० कामं मिळतात. एका कामावर ५,४०० चा बोजा आला. स्पीकरची कॉइल जळते, वायर तुटते, गाडीचा विमा, टायर असतात. त्याचे वर्षाला ४०,००० धरले तर कामामागे १,००० आले. एकूण बेरीज १७,२००.

पोरगा १३,००० ला सुपारी घेऊन प्रत्येक लग्नात ४,२०० घालवत होता.

मग त्यानं भाव नव्यानं बांधला. ४ बेस ४ टॉप, परण्या, लग्न आणि वरात, सकाळी सात ते रात्री दहा, याचे १८,५००. दुपारी जेवणानंतर वरातीपर्यंत तीन-चार तास तो रिकामा बसलेला दिसतो. पण तेवढ्यात त्याला दुसरी सुपारी घेता येत नाही, म्हणून त्या वेळेचेही पैसे लागतात. गाव लांब असेल तर डिझेलचे वेगळे. हॉलमध्ये एक आणि गाडीवर एक असे दोन सेट हवे असतील तर त्याचे वेगळे. निम्मा विसार आधी, कारण दाट तिथीला लग्न मोडलं किंवा पुढं गेलं तर तो दिवस परत मिळत नाही. रिकाम्या दिवशी, वाढदिवसाला, लाइट नको आणि दोनच पोरं असली की भाव उतरवायचा. पण त्या दिवसाच्या खर्चाच्या खाली कधीच जायचं नाही.

सुरुवातीला तीन सुपाऱ्या हातच्या गेल्या. तो घाबरला, ताईही घाबरल्या. सुपाऱ्या कमी झाल्या की हप्त्याचा बोजा उरलेल्यांवर पडतो, हे खरंच आहे. म्हणून त्यानं बारशी आणि वाढदिवस धरले. गटाचा हप्ता जुलैपासून सुरळीत झाला. डोरलं गळ्यात आहे.

आता ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांच्यासाठी. "दिवसभराचे किती?" एवढंच विचारू नका. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत? किती बेस, किती टॉप? जनरेटर आणि डिझेल त्यात आहे का? लाइट आहे का? उशीर झाला तर तासाला किती? पोरांचं जेवण कुणाकडं? हे सगळं कागदावर घ्या, विसार दिल्याची सही घ्या. मग वरातीच्या वेळी भर रस्त्यात वाद होत नाहीत.

पैसे वाचवायचे असतील तर डीजेवाल्याची मजुरी कापू नका, बॉक्स कमी करा. बॉक्स कमी झाले की जनरेटर लहान चालतो, पोरं कमी लागतात, डिझेल वाचतं. शेजारची बाळंतीण आणि म्हातारी माणसंही दुवा देतील. आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्यानं बंदी आहे. "बारापर्यंत वाजवू" असं कोणी म्हणत असेल तर त्या दोन तासांचे पैसे देऊ नका. पोलीस आले तर साहित्य त्याचं जातं आणि वरात आपली थांबते.

शेवटी एकच. पुढच्या बैठकीत त्या ताईंनीच विषय काढला. आमचा गट लग्नाच्या पुरणपोळ्यांची ऑर्डर घेतो. ताई म्हणाल्या, "डाळ धरली, गूळ धरला, गॅस धरला. आपल्या हातांचं काय धरलं?" वहीत तो रकानाच नव्हता. त्या दिवशी आखला.

तुमच्या गटाच्या वहीत तो आहे का, या आठवड्यात बघा. नसेल तर आखून घ्या.