लिहायचं कशासाठी?



बक्षीस मिळवणाऱ्या सर्वांचं मनापासून अभिनंदन. तुमच्या महाविद्यालयाचा वार्षिकांक चाळला. तुमच्यापैकी बरेच जण लिहू पाहताहेत, म्हणून आज एकाच प्रश्नावर बोलतो : माणूस लिहितो कशासाठी?

नाशिकचा लेखक म्हटलं की कुसुमाग्रजांचं नाव येतं आणि पाठोपाठ १९८७चं ज्ञानपीठ. पण पुरस्कार मिळावा म्हणून कुणी आयुष्यभर लिहीत नाही. आपल्याच जिल्ह्यातली आणखी तीन माणसं पाहा.

वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मुंबईत कष्टाची कामं करत असताना कुणीतरी त्यांना पत्र वाचून दाखवायला सांगितलं. त्यांना अक्षरओळखच नव्हती. ती लाज त्यांच्या जिव्हारी लागली. ऐन तारुण्यात ते बाराखडी शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत सराव केला आणि १९४३पासून गाणी रचू लागले. बाबासाहेबांचा विचार न वाचता येणाऱ्या माणसापर्यंतही पोचला पाहिजे, या ध्यासानं ते गावोगाव गात फिरले.

विहितगावचे बाबूराव बागूल. सुरतेला रेल्वेत नोकरी करताना राहायला खोली मिळावी म्हणून त्यांना जात लपवावी लागली. तो अपमान त्यांनी गिळला नाही. १९६३ साली ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला आणि मराठी कथेला आपण काय पाहायचं टाळत होतो ते कळलं.

जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक लिहा-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. पती रेव्हरंड टिळक गेल्यावर त्यांच्या आठवणी राहाव्यात म्हणून त्या आत्मचरित्र लिहू लागल्या. ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून प्रसिद्ध होऊ लागलं, तेव्हा त्यांची साठी उलटली होती.

माझे वडील कांदा पिकवायचे. पिंपळगावच्या लिलावातून परतताना ते भावाबद्दल, पावसाबद्दल, कर्जाबद्दल जे बोलत, ते मला कुठल्याच पुस्तकात वाचायला मिळालं नाही. ते बोलणं त्यांच्याबरोबर संपू नये, म्हणून मी लिहू लागलो. आजही त्याचसाठी लिहितो.

मित्रांनो, शैली सरावानं येते, शब्द वाचनानं येतात. कारण मात्र ज्याचं त्यालाच शोधावं लागतं. तुम्हाला काय सलतं? कुणाचं जगणं नोंदवायचं राहून गेलंय? तिथून सुरुवात करा. आज घरी गेल्यावर आजीला तिच्या लहानपणाबद्दल विचारा आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. पुढच्या वार्षिकांकात मला ते वाचायचं आहे.