शिक्का पुसणारे वर्तुळ



साताऱ्याजवळचे अपशिंगे गाव ‘मिलिटरी’ या नावानेच ओळखले जाते. विटा, आटपाडी भागातील गलाई बांधव सोने-चांदी शुद्ध करण्याच्या व्यवसायासाठी देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचले. या कर्तृत्वाचा अभिमान बाळगताना गावी राहिलेल्या मुलांचाही विचार करावयास हवा. वडील सीमेवर किंवा परप्रांतात, घरी थकलेले आजी-आजोबा. अशा घरांतली बहुतेक मुले समंजसपणे वाढतात. पण एखादा शाळेत मारामारी करू लागतो, एखादा अबोल होतो आणि ‘वाया गेला’ असा शिक्का त्याच्यावर बसतो.

छडीने हा शिक्का पुसला जात नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला मनाई केली आहे. कोरडा उपदेशही मुलांच्या कानांवरून जातो. येथे गटसमुपदेशन उपयोगी पडते. प्रशिक्षित समुपदेशकासह सहा ते दहा मुले आठवड्यातून एकदा वर्तुळात बसतात. राग आला तेव्हा काय घडले, हे एकजण सांगतो. ‘मलाही असेच होते’, असे दुसरा म्हणतो. त्या क्षणी पहिल्याचे एकटेपण सरते. मग तोच प्रसंग वेगळ्या रीतीने कसा हाताळता आला असता, हे मुले अभिनयातून करून पाहतात.

मात्र पथ्ये कडक हवीत. सगळी दांडगी मुले एकाच गटात बसवली, तर ती एकमेकांच्या दांडगाईलाच दाद देतात. म्हणून गट मिश्र असावा. गटातले बोलणे बाहेर जाता कामा नये; अपवाद फक्त कुणाच्या सुरक्षिततेला धोका असेल तेव्हाचा. गंभीर त्रास असलेल्या मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडेच न्यावे.

समूहातून माणूस घडतो, हे या भूमीला नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राबली, एका पंक्तीत जेवली. १९२७मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला राजर्षी शाहूंचे नाव देण्यात आले. ते समुपदेशन नव्हते. पण सहजीवनाचे सामर्थ्य तेच होते. शाखेतला गटनायकही न आलेल्या स्वयंसेवकाच्या घरी जातो, तो हजेरीपुरता नव्हे, आपुलकीपोटी.

परंतु आपुलकीला प्रशिक्षणाची जोड हवी. निवृत्त शिक्षकांनी ते घ्यावे आणि शाळांना वेळ द्यावा. पालकांनी एवढेच करावे: गटातून परतलेल्या मुलाला ‘तिथे काय बोललास?’ असे विचारू नये. त्याला जेवायला वाढावे आणि जवळ बसावे. बोलायचे असेल ते तो आपणहून बोलेल.