आमवात आणि क्ष-किरणांची साक्ष

सन १८९५ च्या डिसेंबरांत जर्मनीतील वुर्झबर्ग येथें राँटगेन या शास्त्रज्ञानें आपल्या पत्नीच्या हाताचें क्ष-किरण चित्र घेतलें. बोटांचीं हाडें आणि बोटांतली अंगठी त्यांत स्पष्ट उमटली. आज आमवाताची शंका आली म्हणजे डॉक्टर हातांचेंच चित्र काढवितात. त्यांत ते काय पाहतात, आणि चित्राला काय सांगतां येत नाहीं, हें ज्या घरांत सकाळीं उठल्यावर कोणाचीं बोटें तासभर आखडून राहतात, त्या घरानें समजून घेतलें पाहिजे.

चित्रांत हाडें पांढरीं दिसतात. दोन हाडांच्या टोकांमधली काळी फट मात्र रिकामी नसते. तेथें मऊ कूर्चा असते. क्ष-किरण तिच्यांतून सहज पार होतात, म्हणून ती दिसत नाहीं. फट अरुंद झाली, म्हणजे कूर्चा झिजली असें समजावें.

उतारवयांतील झिजेच्या संधिवातांत ही फट एखाद्या बाजूस अधिक आक्रसते, जवळचें हाड दाट होतें आणि कडांना हाडाचे नवे कांटे फुटतात. आमवाताची रीत निराळी. त्यांत सांध्याचें अस्तर सुजतें व कूर्चेला सर्व बाजूंनीं सारखें खातें. सांध्यालगतचें हाड विरळ होतें. आणि कडेला, जेथें हाडावर कूर्चेचें आवरण नसतें तेथें, उंदरानें कुरतडावें तशा खोबणी पडतात. बोटांच्या मुळांचे सांधे, मधल्या पेरांचे सांधे आणि मनगट हीं या रोगाचीं ठरलेलीं ठिकाणें. नखांजवळचे सांधे तो बहुधा सोडतो. दोन्ही हातांत खुणा सारख्याच असतात. पायाच्या करंगळीच्या मुळाशीं खोबण कधीं कधीं हातांच्याही आधीं दिसते, म्हणून पायांचेंही चित्र काढतात.

परंतु या खुणा उमटण्यास अनेक महिने, क्वचित् वर्षेंही लागतात. आरंभीं चित्र निर्दोष असूं शकतें. ‘चित्रांत कांहीं नाहीं’ एवढ्यावर घर निश्चिंत होतें. आणि नेमका तोच काळ उपचाराच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचा असतो. १९८७ च्या अमेरिकन निकषांत क्ष-किरणांवरील फरक हा सातांपैकीं एक निकष होता. २०१० सालीं अमेरिकन व युरोपीय वैद्यकसंस्थांनीं मिळून नवे निकष ठरविले. त्यांत सुजलेले वा दुखरे सांधे, रक्ताच्या तपासण्या आणि दुखण्याचा काळ यांना गुण दिले आहेत. अस्तराची सूज हाड कुरतडलें जाण्यापूर्वींच ध्वनिलहरींच्या तपासणींत दिसूं शकते.

मेथोट्रेक्सेटसारखीं औषधें वेळेवर मिळालीं, तर ही झीज पुष्कळ अंशीं थोपवितां येते. पण एकदां खाल्लें गेलेलें हाड सहसा भरून येत नाहीं. म्हणून सांध्यांची सूज सहा आठवडे टिकली, तर चित्र निर्दोष असलें तरी तज्ज्ञांकडे जावें. आणि तें पहिलें निर्दोष चित्र जपून ठेवावें. पुढच्या चित्रांत काय बदललें, हें त्याच्याशीं ताडून पाहिल्यावरच कळतें.