महाबळेश्वरचा पाऊस, पोलादपूरची दरड आणि मुंबईतले आपण

हवामान बदल म्हटलं की आपल्याला वितळणारा बर्फ आठवतो. आज जरा पोलादपूरकडे बघू.

२२ जुलै २०२१. महाबळेश्वरला २४ तासांत जवळपास ५९४ मिलिमीटर पाऊस. आपली सावित्री तिथेच उगम पावते आणि पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीला जाते. महाड शहर पाण्यात गेलं. संध्याकाळी तळिये गावावर डोंगर आला, ८०हून जास्त माणसं गेली. आपल्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी आल्या. वीज नाही, टॉवर बंद, रस्ते बंद. तळियेला मदत पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. वर कोरोना होताच.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला कॅस्केडिंग फेल्युअर म्हणतो. एक सर्व्हर पडला की त्याचा भार दुसऱ्यावर, मग तोही पडतो. इथे समुद्र तापतोय, महिन्याचा पाऊस दोन दिवसांत पडतोय. ते एकट्या पोलादपूरच्या हातात नाही. पण पुढची कडी आपलीच आहे. शेतीवर भागत नाही म्हणून तरुण मुंबईला, वाडीत आई-वडील. डोंगराला भेग पडली तर वर जाऊन बघणार कोण?

तारखा बघा. दासगाव, जुईच्या दरडी जुलै २००५. तळिये जुलै. इरशाळवाडी १९ जुलै २०२३. चाकरमानी गावी असतात मे महिन्यात, नाहीतर थेट गणपतीला. म्हणजे नेमकं मधेच घर रिकामं!

मला पोरं सांगतात, "दादा, अलर्टचं अ‍ॅप बनव ना." अरे, ज्या रात्री टॉवरच पडतो त्या रात्री अ‍ॅप काय करणार?

त्यापेक्षा मे महिन्यात गावी जाल तेव्हा वरच्या उतारावर एक फेरी मारा. नवी भेग, कललेलं झाड किंवा खांब दिसला तर फोटो काढून तलाठ्याकडे, तहसीलला द्या. पावसात वहाळाचं पाणी एकदम गढूळ झालं किंवा अचानक आटलं, तर घर सोडायचं, हे आईला सांगून ठेवा. सरळ उभ्या डब्यात पट्टी लावली की पाऊस मोजता येतो. किती मिलिमीटरला कुणाच्या घरी जायचं, आजीला कोण धरणार, हे उजेडात ठरवा.

आणि मुंबईतून आपण महाबळेश्वरचा आकडा बघायचा. तो चढायला लागला की लगेच घरी फोन. रात्री जेवण झाल्यावर नाही, तेव्हाच. रेंज आहे तोवर.