पूररेषा कशी आंखतात

कृष्णाकांठच्या माणसाला पूर नवा नाहीं. नृसिंहवाडीस पाणी चढूं लागतें, दत्तमंदिरांत शिरतें, पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारानें बाहेर पडतें, आणि त्या क्षणाला लोक दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्या पाण्यांत स्नान घडावें म्हणून भाविक दूरदूरून येतात. पाणी चढतांना एकदां व ओसरतांना एकदां, असा हा योग एकाच पुरांत दोनदां येऊं शकतो. जेथें पाण्याच्या पातळीचा असा उत्सव होतो, तेथील लोकांना नदीची ओळख नाहीं असें कोण म्हणेल ?

तथापि ऑगस्ट २०१९ मध्यें याच प्रदेशांत हजारों कुटुंबें घरांत अडकून पडलीं. सांगलीस आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. त्या वेळीं पाणी ५७ फुटांच्याहि वर गेलें. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे; तेथें पाणी ५५ फुटांच्या पलीकडे गेलें. पुणें-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखालीं जाऊन बंद पडला. कृष्णा-येरळेच्या संगमाजवळ ब्रह्मनाळ गांवीं माणसांना सुरक्षित स्थळीं नेणारी नाव उलटली आणि अनेकांना जलसमाधि मिळाली. २००५ च्या महापुरांत पाणी जेथवर आलें होतें त्यापुढें तें येणार नाहीं, अशी पुष्कळांची समजूत होती. म्हणून त्यांनीं घर सोडण्यास उशीर केला.

ही समजूत मूर्खपणाची नव्हे. मनुष्य पाहिलेल्या पुरावरूनच न पाहिलेल्या पुराचें अनुमान करणार. त्याच्यापाशीं दुसरें साधन नसतें. नभोवाणीवरून त्याला एक आंकडा कळतो : पुलापाशीं पाणी इतके फूट. परंतु त्याला हवी असते निराळीच गोष्ट : माझ्या उंबऱ्याला पाणी केव्हां लागेल ? पुलावरचा आंकडा आणि घराचा उंबरा यांची सांगड घालणें, हेंच पुराच्या नकाशाचें काम होय. हें काम आज संगणकाच्या साह्यानें कसें करतात, त्यांत विश्वास कशावर ठेवावा व सावधगिरी कोठें बाळगावी, याचा आज थोडा विचार करूं.

पुराचा नकाशा करावयाचा तर प्रथम जमिनीची उंची ठाऊक पाहिजे. भारतांत या शास्त्राची परंपरा मोठी आहे. विल्यम लॅम्टन यानें १८०२ सालीं मद्रासेजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ केला, आणि पुढें सर्व्हे खात्यानें गांवोगांवच्या उंचीच्या खुणा समुद्रसपाटीशीं जोडून दिल्या. परंतु या खात्याच्या नेहमींच्या नकाशांत समान उंचीच्या दोन रेषांमध्यें २० मीटरांचें अंतर असतें. वीस मीटर म्हणजे सहा मजल्यांची इमारत ! नदीकांठचें सबंध शहर अशा दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेंत मावून जातें. डोंगर दाखविण्यास हा नकाशा उत्तम; पुराला मात्र तो अपुरा पडतो.

यापुढचें पाऊल आकाशांतून पडलें. फेब्रुवारी २००० मध्यें 'एंडेव्हर' या अमेरिकन अंतराळयानानें अकरा दिवस पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच्यावर रडारचा एक ग्राहक यानांत होता व दुसरा ६० मीटर लांब दांड्याच्या टोकाला होता. आपल्या दोन डोळ्यांना जसा अंतराचा अंदाज येतो, त्याच धर्तीवर या दोन ग्राहकांच्या नोंदींवरून बहुतेक वसलेल्या भूभागाची उंची काढण्यांत आली. पुढें २००५ सालीं भारतानें 'कार्टोसॅट-१' हा उपग्रह सोडला. त्याचा एक कॅमेरा पुढें कललेला व एक मागें कललेला, म्हणून एकाच जागेचीं दोन कोनांतून छायाचित्रें मिळतात व त्यांवरून उंची निघते. ही माहिती आज कोणाहि अभ्यासकाला विनामूल्य मिळूं शकते. ती असते चौकोनांच्या जाळीच्या रूपानें : बहुधा ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद असा एकेक चौकोन आणि त्याच्या नांवावर उंचीचा एक आंकडा. म्हणजे सुमारें नऊ गुंठ्यांना एक उंची !

आतां या जाळीवर पाणी कसें पसरावयाचें ? सर्वांत सोपी रीत हौदाची. समजा, एखाद्या गांवच्या पूरपट्टीचें शून्य समुद्रसपाटीपासून ५३० मीटरांवर आहे आणि पट्टीवर पाणी ५५ फूट दिसत आहे. पंचावन फूट म्हणजे १६.७६ मीटर, तेव्हां पाण्याचा माथा ५४६.७६ मीटरांवर आला. आतां ज्या ज्या चौकोनाची उंची याहून कमी, तो तो निळा रंगवावा. २००२ सालीं जन्मास आलेली 'क्यूजीआयएस' नांवाची नकाशे करण्याची प्रणाली हें काम कांहीं क्षणांत करते, आणि तीहि मोफत मिळते. पट्टीचें शून्य समुद्रसपाटीशीं जोडणें ही यांतली कळीची गोष्ट. तेथें एक मीटर चुकला तर पुढचें सारें चित्र त्याच मापानें चुकतें. शिवाय उपग्रहाची समुद्रसपाटी आणि सर्व्हे खात्याची समुद्रसपाटी या तंतोतंत एक नसतात; त्यांचा मेळ आधीं घालावा लागतो.

हौदाची ही रीत सोपी खरी, पण तिच्यांत दोन दोष आहेत. पहिला असा कीं, टेकडीपलीकडचा खळगा किंवा एखादी जुनी खाण सखल आहे एवढ्यावरून ती निळी होते. वस्तुतः तेथें जावयास नदीच्या पाण्याला वाटच नसते. यासाठीं संगणकाला नदीपात्रांतून आरंभ करून शेजारच्या चौकोनाकडे एकेक पाऊल टाकावयास सांगतात. जेथें वाट आहे तेवढेंच क्षेत्र मग भिजतें. दुसरा दोष याहून मोठा. नदी म्हणजे हौद नव्हे. तिच्या पाण्याला उतार असतो. हा उतार किलोमीटराला २० सेंटिमीटर धरला तरी दहा किलोमीटरांत पातळी दोन मीटरांनीं बदलते. पुलापाशींची पातळी वरच्या गांवाला तशीच लावली तर तें गांव नकाशांत कोरडें राहतें आणि प्रत्यक्षांत बुडतें.

यावर एक सुरेख तोड ब्राझीलमधील संशोधकांनीं २००८ च्या सुमारास काढली. प्रत्येक चौकोनाची उंची समुद्रापासून न मोजतां, त्या चौकोनाचें पाणी ज्या ओढ्यांत किंवा नदींत उतरतें, तेथील पात्रापासून ती मोजावयाची. मग नदीचा उतार हिशेबांत आपोआपच येतो, आणि पात्रापासून पांच मीटर, दहा मीटर उंचीच्या आंतील जमीन कोणती, हें सबंध खोऱ्याकरितां एकदम कळतें. थोड्या खर्चांत मोठ्या प्रदेशाची पहिली पाहणी करण्यास ही रीत फार उपयोगी आहे.

पण खरें गणित वाहत्या पाण्याचें. किती पाणी आलें, पात्रांत किती मावलें, उरलेलें कोणत्या वेगानें शेतांतून गेलें, हें त्यांत पाहावें लागतें. अमेरिकन लष्करी अभियंत्यांच्या केंद्रानें १९९५ सालीं प्रथम प्रसृत केलेली 'हेक-रास' ही प्रणाली हें गणित करते, व जगभर अभियंते ती वापरतात. तिच्या पोटांत रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्यानें १८८९ सालीं मांडलेलें सूत्र आहे. वाहत्या पाण्याला जमीन किती अडथळा करते त्याचा एक अंक त्या सूत्रांत घालावा लागतो. स्वच्छ नदीपात्राला तो सुमारें ०.०३ धरतात, तर दाट झाडोऱ्याला ०.१० पर्यंत नेतात. म्हणजे खोली व उतार तेच असतांना झाडोऱ्यांतील पाण्याचा वेग तिसऱ्या हिश्शाहूनहि कमी होतो. कृष्णेच्या कांठीं मैलोगणती उभा असलेला ऊस डोळ्यांपुढें आणा, म्हणजे पूर येथें इतका रेंगाळतो कां, याचें एक कारण समजेल.

संगणक चूक करीत नाहीं, असें म्हणण्याची आतां प्रथा पडली आहे. परंतु त्याला दिलेली उंचीच चुकीची असली तर तो चुकीचें गणित अचूक करून देतो. आकाशांतून घेतलेल्या मापांत जमिनीची उंची बरेच वेळां कांहीं मीटर इकडेतिकडे असते. शेताचा उतार पांचशे मीटरांना एक मीटर असेल, तर उंचींतील एका मीटरच्या चुकीनें पुराची कड अर्धा किलोमीटर सरकते. एवढ्यांत एक सबंध पेठ येते किंवा जाते. रडारला व कॅमेऱ्याला दिसतो तो झाडांचा शेंडा, घराचें छप्पर आणि उसाचा तुरा. खालची माती पुष्कळदां दिसतच नाहीं. नदीवरचा पूल त्यांना धरणासारखा दिसतो, म्हणून गणितापूर्वीं तो नकाशांतून कापून काढावा लागतो. उलट रस्त्याचा अरुंद भराव नऊ गुंठ्यांच्या सरासरींत विरघळून जातो, आणि पाणी खरोखर अडविणारी वस्तु नकाशांत उरतच नाहीं. म्हणून शहरांसाठीं विमानांतून लेसर किरण सोडून उंची मोजतात. त्या किरणांपैकीं कांहीं पानांच्या फटींतून मातीपर्यंत पोंचतात व जमिनीची उंची कांहीं सेंटिमीटरांपर्यंत नक्की करतात. हें काम खर्चाचें आहे. परंतु नदीकांठच्या शहरांत हा खर्च अनाठायीं म्हणतां येणार नाहीं.

नकाशा खरा कीं खोटा, हें अखेर पुरालाच विचारावें लागतें. त्याचीहि सोय झाली आहे. २०१४ पासून युरोपचे 'सेंटिनेल-१' मालिकेंतील रडार उपग्रह फिरत आहेत. त्यांच्या लहरी पावसाळी ढगांतून आरपार जातात, आणि संथ पाणी त्यांच्या चित्रांत काळें उमटतें. गणितानें निळें केलेलें क्षेत्र व उपग्रहानें काळें दाखविलेलें क्षेत्र एकावर एक ठेवलें, म्हणजे गणित कोठें फसलें तें दिसून येतें. तथापि दाट वस्तींत घरांच्या गर्दीमुळें पाणी असें स्पष्ट उमटत नाहीं. तेथें देवळाच्या ओवरीवरची, शाळेच्या भिंतीवरची पुराची खूणच अधिक विश्वासाची. अशा खुणा पुसूं न देणें ही शास्त्राची मोठीच सेवा आहे.

या सर्व खटाटोपाचें फळ म्हणजे पूररेषा. महाराष्ट्रांत पाटबंधारे खात्याच्या १९८९ च्या परिपत्रकापासून दोन रेषा रूढ आहेत. निळी रेषा सामान्यतः पंचवीस वर्षांत सरासरीनें एकदां येणाऱ्या पुराची. तिच्या आंत बांधकामास निषेध. तांबडी रेषा शंभर वर्षांत एकदां येणाऱ्या पुराची. दोहोंमधील क्षेत्रांत बांधकाम नियंत्रित. पण शंभर वर्षांत एकदां, या शब्दांनीं पुष्कळांची फसगत होते. २०१९ सालीं असा पूर येऊन गेला, आतां नातवंडांच्या काळापर्यंत चिंता नाहीं, असा त्याचा अर्थ नव्हे. याच खोऱ्यांत २०२१ च्या जुलैमध्यें पुन्हां महापूर आला. खरा अर्थ असा कीं, दर वर्षीं शंभरांत एक एवढा संभव असतो. कर्ज काढून घेतलेल्या घरांत एखादें कुटुंब तीस वर्षें राहिलें, तर तांबड्या रेषेच्या कडेवरील त्या घरीं एकदां तरी पाणी येण्याचा संभव शेंकडा २६ आहे. निळ्या रेषेच्या कडेवर तोच शेंकडा ७० च्या वर जातो. घर विकत घेतांना चौकटीचें लांकूड कसलें आहे हें आपण चारदां विचारतों; रेषेच्या आंत कीं बाहेर, हें मात्र विचारावयाचें राहतें.

रेषेच्या आंतल्या जमिनीचा भाव उतरतो, बाहेरच्या जमिनीचा चढतो. म्हणून रेषा पात्राकडे सरकवावी असा आग्रह होतच राहणार. परंतु रेषा कागदावर सरकली म्हणजे पाणी सरकत नाहीं. तें जेथें जावयाचें तेथें जातें आणि भरावामुळें अडलें तर शेजाऱ्याच्या घरांत शिरतें. ज्याचें घर आज कोरडें आहे, त्यानेंहि या रेषेच्या खरेपणाविषयीं जागरूक राहावें तें एवढ्याचसाठीं.

किती पाणी येणार, हें मात्र नकाशा सांगत नाहीं. तें पावसावर आणि कोयना, राधानगरी, अलमट्टी अशा धरणांच्या दारांवर अवलंबून असतें. इतकें पाणी आलें तर तें कोठवर पसरेल, एवढेंच त्याचें उत्तर असतें. परंतु वेळेवर मिळालें तर तेवढेंहि उत्तर जीव वांचविण्यास पुरतें.

शेवटीं प्रत्येक घराला करतां येण्याजोगी एक गोष्ट सांगून हें भाषण पुरें करूं. मागील पुरांत पुलापाशीं पाणी कमालीचें किती फूट होतें, तें सरकारी नोंदींत असतें. त्याच पुरांत आपल्या उंबऱ्यावर किती फूट पाणी होतें, तें भिंतीवरच्या डागावरून कळतें. पहिल्यांतून दुसरें वजा करावें. पुलापाशीं ५७ आणि उंबऱ्यावर २, तर त्या घराचा आंकडा ५५. पुराची चाल दर वेळीं थोडी निराळी असते, म्हणून त्यांतून आणखी दोन फूट सावधगिरीचे सोडावे व ५३ हा आंकडा दाराच्या आंतल्या बाजूस ठळक लिहून ठेवावा. ज्यांच्याकडे डाग नाहीं, त्यांच्यासाठीं हाच आंकडा गल्लीगल्लीचा काढून चौकांत लावणें नगरपालिकांना आतां मुळींच अवघड नाहीं. पुढच्या पावसाळ्यांत पातळी त्या आंकड्याकडे चढूं लागली, म्हणजे वडील माणसें, लहान मुलें आणि जनावरें दिवसाउजेडीं बाहेर काढावीं. रात्रींच्या नावेची वाट पाहूं नये.